यमूचं बिऱ्हाड : लघुप्रबंधाच्या नोंदी

१२ जून

विषय एकदाचा मंजूर झाला. कागदावरचं नाव आहे 'पण लक्षात कोण घेतो? : स्थलावकाश आणि नायिकेची जडणघडण'. वाचताना मलाच मध्ये श्वास घ्यावा लागतो, पण मॅडम म्हणाल्या एमएच्या लघुप्रबंधाला अशीच नावं शोभतात. साध्या भाषेत सांगायचं तर हरिभाऊ आपट्यांच्या या कादंबरीची नायिका यमू आधी पुण्यात, मग लग्न होऊन पुण्यातच सासरी, मग नवऱ्याबरोबर मुंबईत, मग तो वारल्यावर परत पुण्यात, तर या जागा बदलण्यात तिचं काय काय होतं ते बघायचं.

आज मला काय वाटतंय ते लिहून ठेवते, म्हणजे शेवटी हसता येईल : पुणे म्हणजे कोंडवाडा, मुंबई म्हणजे मोकळी हवा. झालं. यावर साठ पानं कशी भरायची हाच प्रश्न आहे.

१५ जून

लायब्ररीतून प्रत आणली. ब्राऊन पेपरचं कव्हर, आत कोणीतरी पेन्सिलीने 'फार रडवते' असं लिहून तारीख टाकायची विसरलंय. आणि मध्येच एक फर्मा दोनदा शिवलाय, म्हणजे सोळा पानं वाचून झाली की परत तीच सोळा पानं, आणि त्यापुढचा फर्मा गायब, थेट कुठल्यातरी बोलण्याच्या मधोमध जाऊन पडतो आपण. काउंटरवरच्या काकांना दाखवलं तर म्हणाले, वीस वर्षांत कोणी तक्रार केली नाही हो. म्हणजे वीस वर्षांत कोणी तिथपर्यंत पोचलंच नाही बहुतेक. दुसरी प्रत शोधावी लागणार.

मूळ माहिती एका जागी : हरिभाऊंचा जन्म १८६४, पारोळे, खानदेश. 'करमणूक' साप्ताहिक त्यांनी १८९० मध्ये काढलं आणि ही कादंबरी त्यातच क्रमशः यायला लागली, पूर्ण झाली १८९३ मध्ये. सुरुवात केली तेव्हा हा माणूस सव्वीस वर्षांचा आहे आणि 'मी' म्हणून एका बाईच्या तोंडून बोलतोय, तेही शेकडो पानं. माझ्या वर्गातल्या सव्वीस वर्षांच्या मुलांकडे बघितलं की हे जास्तच अचाट वाटतं.

अजून एक गंमत, लहानपणाची काही वर्षं मुंबईत काढून हरिभाऊ १८७८ च्या सुमारास पुण्यात आले. स्वतः मुंबईहून पुण्याला आले आणि नायिकेला उलट दिशेने पाठवली. याचं काय करायचं माहीत नाही, पण लिहून ठेवलं.

१९ जून

एक्सेल शीट केली. कॉलम असे : प्रकरण, गाव, घर कोणाचं, घरातली कुठली जागा, तिथे आणखी कोण आहे, यमू बोलते का ऐकते. पुण्याला तांबडा रंग, मुंबईला हिरवा. रूममेट म्हणाली मेट्रोचा नकाशा करतेस का.

२४ जून

शीट भरताना एक अडचण सारखी येत होती की घरातली कुठली जागा म्हणजे नक्की काय हेच मला नीट कळत नव्हतं, कारण मी आयुष्यभर वन बीएचकेमध्ये वाढलेली, ओटी, माजघर, माडी, परसू हे शब्द मला धड्यातून माहीत. म्हणून आज रूममेटच्या ओळखीने पेठेतल्या एका जुन्या वाड्यात गेलो. अर्धा वाडा पाडलाय, मागची बाजू शिल्लक आहे, आजी एकट्या राहतात, पुढच्या वर्षी तोही बिल्डरकडे जाणार. त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या बघा काय बघायचंय ते.

मी माजघरात उभी राहिले आणि रूममेटला बाहेर ओटीवर बसवून सांगितलं की हळू आवाजात काहीही बोल. ती बोलली, तिच्या बॉयफ्रेंडबद्दलच बोलली, आणि मला शब्द न् शब्द ऐकू आला. मग उलटं केलं. मी आत बोलले, तिला बाहेर सगळं ऐकू गेलं, वर म्हणाली तुझ्या बांगड्या पण ऐकू येतात, तू भिंतीला हात लावलास ना. दिसत मात्र काहीच नव्हतं, दोघींनाही. मधला दरवाजा असा आहे की नजर अडते आणि आवाज जातो.

आजींना विचारलं की नव्या सुनेला स्वतःची म्हणून जागा कुठली असायची. त्या जरा विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "न्हाणीघर. तिथे कडी लावायची सोय." मग हसल्या. "पण तिथेही कोणीतरी ओरडायचंच की बाई, आटप लवकर."

शीटमधला 'तिथे आणखी कोण आहे' हा कॉलम बदलून 'कोणाला ऐकू जातंय' असा केला. यमूच्या सासरच्या पुष्कळ प्रसंगांचा अर्थ या एका बदलाने मला वेगळा लागला. मी समजत होते की ती भिडस्त आहे म्हणून बोलत नाही. पण ज्या घरात बोललेलं प्रत्येक वाक्य शंकरमामंजींच्या दरबारात जमा होणार आहे, तिथे गप्प बसायला अक्कल लागते, नुसती भीड नाही.

३० जून

पुणे हा एक रंग चालणार नाही. माहेर आणि सासर, दोन्ही पुण्यात, पण गाव एक असून हवा वेगळी. माहेरी आई आहे, दादा आहे, लहानपणीचे खेळ आहेत, मैत्रीण दुर्गी आहे, वडिलांचा तापट स्वभाव पण आहे. मग आई जाते आणि वडील दुसरं लग्न करतात, आणि भिंती त्याच राहून माहेर मात्र माहेर राहत नाही. जागा बदलायला गाडीत बसावंच लागतं असं नाही. तांबड्याच्या तीन छटा केल्या. शीट आता खरंच मेट्रोचा नकाशा दिसतेय.

६ जुलै

मॅडमना पहिलं टिपण दाखवलं. त्यांनी 'पुणे : कर्मठ' या शब्दाखाली रेघ मारली आणि विचारलं की यमूचा नवरा रघुनाथराव आणि तिचा दादा हे सुधारकी विचार कुठून शिकले, मुंबईतून पार्सल आलं होतं का?

बरोबर आहे. न्यू इंग्लिश स्कूल १८८०, केसरी १८८१, हुजूरपागा १८८४, फर्ग्युसन १८८५, आगरकरांचं सुधारक १८८८, सगळं पुण्यात. हरिभाऊ स्वतः न्यू इंग्लिश स्कूलचे विद्यार्थी. विधवांच्या केशवपनावर आगरकर तुटून पडले ते पुण्यात बसूनच. म्हणजे विचार पुण्यात भरपूर होता, पण तो होता ओटीवर. वर्गात, सभेत, छापखान्यात. माजघरापर्यंत यायला त्याला तो मधला दरवाजा ओलांडायला लागायचा, आणि तो ओलांडायचा तर रात्री, कुजबुजत, नवऱ्याच्या किंवा भावाच्या हाताने.

पहिली थिअरी गेली. तीन आठवडे टिकली, ठीक आहे.

१४ जुलै

मावशीकडे डोंबिवलीला गेले. मुद्दाम दिवसाची गाडी घेतली, घाट बघायला. पाऊस मरणाचा, खिडकीतून पाणी आत, समोरच्या काकू वडापाव धरून बसलेल्या आणि मी वहीत लिहितेय म्हणून त्या सारख्या वाकून बघत होत्या.

बोरघाटातली लाईन १८६३ ला सुरू झाली, म्हणजे यमूच्या पिढीला पुणे-मुंबई हा एका दिवसाचा प्रवास झाला होता. आणि त्या काळात घाटात एक रिव्हर्सिंग स्टेशन होतं. चढ इतका अवघड की गाडी एका टोकापर्यंत जायची, तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लावायचं, आणि मग जी मागची बाजू होती ती पुढची करून गाडी उलट्या दिशेने निघायची. १९२९ पर्यंत होतं ते, मग नवीन बोगदे झाले. मी काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, म्हणजे खिडकीपाशी वाऱ्याकडे तोंड करून बसलेला माणूस घाटात उलटा व्हायचा की हो.

प्रबंधात टाकावं का? मॅडम म्हणतील प्रतीक ओढून आणलंस. टाकणार नाही. इथे राहू दे.

२० जुलै

मुंबईचा भाग परत पूर्ण वाचला, या वेळी न रडता, हातात पेन्सिल घेऊन.

पहिल्या वाचनात मला वाटलं होतं की मुंबईत यमू 'सुधारते', म्हणजे वाचायला लागते, विष्णुपंत-लक्ष्मीबाईंसारखी मंडळी भेटतात, बायका-पुरुष एकत्र बसून बोलतात वगैरे. ते आहेच. पण माझ्या कॉलमवाल्या डोक्याने वाचलं तर मोठा फरक वेगळाच निघाला : तिथे ती दिवसाउजेडी नवऱ्याशी बोलू शकते. बस, एवढंच. आज हे वाचून कोणी म्हणेल यात काय, पण ज्या बाईने सासरी नवऱ्याशी चार मोठ्या माणसांसमोर एक शब्द बोलायचा नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, 'इकडून' आणि 'स्वारी' करत दिवस काढायचे, तिला सकाळी दहा वाजता मोठ्या आवाजात एखादा प्रश्न विचारता येणं हीच केवढी मोठी शाळा आहे. प्रश्न विचारता आला की उत्तर मिळतं, उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न सुचतो. पुण्यात तिचा प्रश्न रात्रीपर्यंत थांबायचा आणि तोवर मरून जायचा.

आणि ती चुका करू शकते. हे मला फार आवडलं. सासरी चुकलं की चार तोंडांनी बोलणी, मुंबईत चुकलं तर दोघं हसतात. हसण्याचा पण एक कॉलम करायला हवा होता, सुचलाच नाही आधी.

यात मुंबई शहराचा भाग किती? मला वाटतं फार कमी. समुद्र, ट्राम, गर्दी यांनी तिला घडवलंय असं दिसत नाही. तिला घडवलंय ते दोनच माणसांच्या घराने, ज्यात ऐकणारं तिसरं कोणी नाही.

२७ जुलै

मागच्या नोंदीनंतर मी दोन दिवस भलत्याच नादाला लागले होते, की त्या काळी मुंबईत विहार तलावाचं नळाचं पाणी १८६० पासून, पुण्यात कात्रजच्या पाण्याचे पेशवाईतले हौद आणि आड, तर पाणी भरण्याने बायकांच्या दिवसात काय फरक पडला असेल. पाच पानं लिहिली. मॅडम म्हणाल्या, "अगं, हा पाणीपुरवठा खात्याचा अहवाल नाही." पाच पानं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली. मला अजूनही वाटतं त्यात काहीतरी आहे.

त्यांनी दुसरं एक सांगितलं ते जास्त कामाचं. मुंबईला हिरवा रंग देताना रखमाबाई आठव म्हणाल्या. खरंच की. मुंबईचीच मुलगी, लहानपणी लग्न झालेली, नवऱ्याकडे नांदायला नकार दिला म्हणून १८८४ पासून कोर्टात खेचली गेली, आणि १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं की नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली तुरुंगात जाते. हे सगळं त्याच मुंबईत चाललेलं, कादंबरी सुरू व्हायच्या जेमतेम तीन वर्षं आधी, आणि 'करमणूक'च्या वाचकांनी पेपरात हे वाचलेलं असणारच. त्यांना मुंबई म्हणजे मोकळी हवा असं कोणी सांगितलं असतं तर हसले असते.

३ ऑगस्ट

आज फोनवर आईला कादंबरीची गोष्ट सांगत होते. आई बारावी शिकलीये, लग्नानंतर अकरा वर्षं बाबांच्या बदल्यांमागे फिरली, नाशिक, धुळे, परत नाशिक. मी म्हटलं, मुंबईला यमूचं स्वतःचं घर झालं ना, म्हणून ती फुलली. तर आई म्हणाली, "घर नाही गं, बिऱ्हाड."

मी म्हटलं तेच ते.

"तेच ते कसं? आमचं नाशकात बिऱ्हाड होतं. घर गावाला, तुझ्या आजीचं. बिऱ्हाडात मी ड्रेस घालायचे, उशिरा उठायचे, बाबांना भांडी घासायला लावायचे. घरी गेलं की साडी आणि पदर. कोणी सांगायला नको, एसटी गावात शिरली की हात आपोआप डोक्यावर जायचा. पण बाबा आजारी पडले तेव्हा बिऱ्हाडात कोण होतं? कोणी नाही. दोन दिवसांत सामान बांधून घरीच जावं लागलं."

मी पंधरा मिनिटं काहीच लिहिलं नाही. दीड महिना मी शीटमध्ये 'घर कोणाचं' हा कॉलम भरतेय आणि मुंबईपुढे बिनधास्त 'यमूचं' लिहिलंय. यमूचं कुठलं? बिऱ्हाड रघुनाथरावांच्या पगारावर, रघुनाथरावांच्या नावावर, रघुनाथरावांच्या स्वभावावर उभं. जिथे कोणी ऐकणारं नाही म्हणून ती वाढली, तिथे अडीअडचणीला धावून येणारं पण कोणी नाही. एकाच गोष्टीच्या दोन बाजू आणि मी एकीलाच हिरवा रंग देऊन बसले होते.

प्रकरण तीनचं नाव ठरलं : बिऱ्हाड. आईला सांगितलं तुझं नाव आभारात टाकते. म्हणाली बाबांनी भांडी घासली ते टाकू नकोस.

११ ऑगस्ट

मॅडमनी तुलनेसाठी शार्लट ब्राँटीची 'जेन एअर' (१८४७) वाचायला सांगितली होती, संपवली. जेनच्या पण जागाच जागा : मामीचं गेट्सहेड आणि तिथली ती लाल खोली, मग लोवुडची शाळा, मग थॉर्नफिल्ड, मग मूर हाऊस, शेवटी फर्नडीन. प्रत्येक ठिकाणी ती थोडी वेगळी होऊन निघते. तुलना करायला एकदम सोयीची म्हणून मी दोन तक्ते शेजारी शेजारी लावले.

आणि मग क्रियापदं बघितली. जेन लोवुड सोडते कारण तिने स्वतः पेपरात जाहिरात दिलीये. थॉर्नफिल्ड सोडते तेव्हा पहाटे एकटी चालत बाहेर पडते, पुढे उपाशी मरायची वेळ येते तरी. ती जाते. यमू? तिला सासरी पाठवतात, मुंबईला नेतात, परत आणतात. माझ्या सगळ्या टिपणांमध्ये मी नकळत 'यमू मुंबईला जाते' लिहिलंय. शोधून शोधून सगळीकडे 'नेली' केलं. मराठीत हे किती सहज आहे, लेक सासरी पाठवली, सून आणली, बायकोला घेऊन गेला. सामानासारखं. जेनला शेवटी काकाचे वीस हजार पौंड मिळतात हे पण आहेच, ते ती भावंडांबरोबर चौघांत वाटून घेते, तरी पाच हजार हातात राहतात आणि मग ती रॉचेस्टरकडे आपल्या पायाने जाते. यमूच्या नावावर काही असण्याचा प्रश्नच नाही.

नायिका जागा बदलत बदलत मोठी होते असं आपण म्हणतो तेव्हा गृहीत धरलेलं असतं की ती चालतेय. ज्या नायिकेला उचलून ठेवतात तिची वाढ वेगळी मोजायला हवी. तिची वाढ पायांत नसून डोळ्यांत आहे. हे वाक्य जरा भाषणी झालं, नंतर बदलेन.

१९ ऑगस्ट

रमाबाई रानड्यांच्या आठवणी (१९१०) चाळल्या, ही कादंबरी नाही त्यामुळे प्रबंधात फक्त एक परिच्छेद जाईल, पण बिऱ्हाड या मुद्द्याला भक्कम टेकू आहे. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी लग्न, रानडे एकतीसचे. ते शिकवतात रात्री, आणि घरातल्या बायका दिवसा त्याचा सूड घेतात. मग न्यायमूर्तींची बदली होते, आधी नाशिक, मग धुळे, आणि बायकांच्या त्या गोतावळ्यापासून लांब या बाईला जरा श्वास घेता येतो. आनंदीबाई जोशींचंही तसंच, गोपाळरावांच्या पोस्टातल्या बदल्या, अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी बायकांच्या शिक्षणाचा इतिहास सरकारी बदल्यांच्या ऑर्डरींवरून लिहिता येईल असं मला वाटायला लागलंय. (आईचं नाशिक, धुळे. योगायोग, पण काय योगायोग.)

२६ ऑगस्ट

लॅपटॉप बंद पडला. शीटची दहा दिवसांपूर्वीची कॉपी मेलवर होती म्हणून वाचले. आज काही लिहिणार नाही.

५ सप्टेंबर

दुसरी प्रत मिळाली, गायब फर्मा वाचला आणि तसाच पुढे परतीचा भाग. हा भाग मी टाळत होते हे कबूल करते.

रघुनाथराव जातात. यमूला पुण्याला आणतात. आणि सासरच्या त्याच घरात शंकरमामंजी तिचं केशवपन करवतात, तिच्या मर्जीविरुद्ध.

याआधी हे मी शाळेच्या बाकावरून ऐकलं होतं तसंच वाचायचे, की अरेरे, किती क्रूर रूढी. पण जागांचा हिशेब ठेवत इथवर आल्यावर वेगळंच काहीतरी लागलं. हे घर तेच आहे. माजघर तेच, मधला दरवाजा तोच, माणसं तीच. पहिल्यांदा आली तेव्हा यमू या घराला घाबरत होती पण घर असंच असतं असं समजत होती, कारण दुसरं काही बघितलंच नव्हतं. आता तिला माहीत आहे की असं नसतं. मुंबईने तिला दिलेलं सगळं काढून घेता आलं, नवरा, बिऱ्हाड, मैत्रिणी, डोक्यावरचे केस सुद्धा, पण हे माहीत असणं काढून घेता आलं नाही आणि त्याचाच जास्त त्रास आहे. न शिकलेली यमू कदाचित कमी तडफडली असती. लिहिताना हात अडखळतोय, कारण शिकू नका असं म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद हाच होता की शिकली की दुःखी होते. हरिभाऊंनी तो युक्तिवाद घेतला आणि त्याचं बोट त्या घराकडे वळवलं. दुःख शिक्षणाचं नाही, परत आणून ठेवण्याचं आहे.

एक तपशील, तारखांचा : कादंबरी सुरू झाली त्याच १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळींची सभा झाली होती, की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. आणि कादंबरी पूर्ण झाली त्या १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी, पुण्यात लग्न केलं. वाचक यमूचं वाचत होते तेव्हा बाहेर हे चाललं होतं. यमूला यातलं काही मिळालं नाही. हरिभाऊंना देता आलं असतं, दिलं नाही, आणि मला वाटतं बरोबर केलं. मॅडमचं मत वेगळं आहे.

१२ सप्टेंबर

रात्री दोन वाजता सुचलं म्हणून उठून लिहितेय, सकाळी मूर्खपणा वाटला तर काढेन.

ही सगळी गोष्ट यमू स्वतः सांगतेय, मागे वळून. म्हणजे लहानपणाची, भातुकलीची, सासरच्या पहिल्या दिवसांची यमू जी आपल्याला दिसते ती दाखवणारी बाई आधीच मुंबईला राहून आलेली आहे. मी शीटमध्ये 'पुणे, मुंबई, पुणे' असा क्रम लावला आणि पहिल्या पुण्यात मुंबई नाही असं धरलं. पण पहिल्या पुण्यात मुंबई पानापानावर आहे. ती जी मधूनच मिश्कील होते, शंकरमामंजींच्या सोवळ्याओवळ्यातला ढोंगीपणा जसा टिपते, आईच्या गप्प बसण्याकडे जसं बघते, ते दहा-बारा वर्षांच्या पोरीचं बघणं नाही. ज्या बाईने दुसरं जग बघितलंय तीच आपल्या जगाचं इतकं बारीक वर्णन करू शकते. माजघरातल्या माणसाला माजघर दिसत नाही.

मग शीटचं काय? रंग उतरतात एकात एक. तक्ता म्हणून शीट फेल.

सकाळी परत वाचलं. मूर्खपणा नाही वाटला. ठेवलं.

२० सप्टेंबर

मॅडमशी दीड तास वाद. त्यांचं म्हणणं, निवेदन मागे वळून आहे हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात नवीन काय. मी म्हटलं माहीत आहे पण जागांबद्दल लिहिताना सगळे ते विसरतात, मी पण विसरले होते तीन महिने. त्या म्हणाल्या मग तसंच लिही, तू कशी विसरलीस ते लिही. म्हणून प्रस्तावनेत माझी १२ जूनची नोंद जशीच्या तशी टाकली, कोंडवाडा आणि मोकळी हवा. आयतं उदाहरण.

काका (लायब्ररीतले) म्हणाले त्या प्रतीवर लेबल लावून ठेवतो, 'फर्मा गहाळ'. मी दुसऱ्या प्रतीवरून ती सोळा पानं झेरॉक्स करून आत ठेवून दिली. त्यांनी डिंकाने चिकटवली, थोडी वाकडी.

२७ सप्टेंबर

तीन प्रकरणं सबमिट. चौथं, परतीचं, पुढच्या शुक्रवारपर्यंत. दुर्गीवर वेगळा परिच्छेद हवा, राहिलाच आहे. पाण्याची पाच पानं परिशिष्टात घालायला मॅडम हो म्हणाल्या, बहुतेक मला थकलेली बघून.

आईला पुस्तक पाठवलं होतं, आज फोन केला तर तिने मुंबईचा भाग संपवला होता आणि तिथेच थांबली होती. म्हटलं पुढे वाच ना. म्हणाली, "राहू दे दोन दिवस त्यांना मुंबईत."